बिबट्या नव्हता, मुंगूस होतं

आमच्या सोसायटीत मला 'लेपर्डवाले अंकल' म्हणतात. बेव्हर्ली पार्कातली सात मजल्यांची जुनी इमारत, मराठी घरं चारच, बाकी सगळे मिळूनमिसळून, त्यामुळे माझी ही पदवी तीन भाषांत फिरते. लिफ्टमध्ये शाळकरी मुलं विचारतात, "अंकल, उसने सच में आपकी बाइक पे जंप मारा था?" मी हसतो आणि होकारार्थी मान हलवतो. बावीस वर्षं हलवत आलो आहे.

ती मान आता थांबवतो. माझ्यावर बिबट्याने कधीही झेप घेतलेली नाही. त्या दिवशी रस्त्यावर एक मुंगूस होतं. आणि एक माणूस होता, जो पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता आणि ज्याला सगळ्यांनी मिळून दारुडा ठरवलं. तो प्यायलेला नव्हता. हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. गुडघे गेले, मोटारसायकल भंगारात गेली, पण ही गोष्ट जात नाही. म्हणून लिहितो आहे. वाचणाऱ्याला माझी कीव येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. राग आला तर योग्य जागी येईल.

गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा माझं ऑफिस ठाण्याला होतं आणि मधे होता घोडबंदरचा रस्ता. सतरा वर्षं मी तो मोटारसायकलवरून कापला, सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना. काशिमीरा सोडून आत वळलं की उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला खाडी. डोंगरातली जनावरं पाण्यासाठी खाली उतरायची आणि मधला रस्ता ओलांडायची. ती आमच्या आधीपासून ओलांडत होती. पण ऑफिसात आम्ही म्हणायचो, "जनावरं हल्ली रस्त्यावर येतात." रस्ताच जनावरांवर आला होता, हे म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

खरे प्रसंगही घडले, ते आधी सांगतो. एकदा चेण्याच्या पुढे रस्त्यावर टँकरचा जाड पाइप पडलेला दिसला. त्यावरून चाक घालायचं म्हणून मी हँडल घट्ट धरलं आणि पाइप सरकला. अजगर होता. दोन्ही पाय मी पेट्रोलच्या टाकीवर घेतले. पुढचं चाक त्याच्या शेपटीपासून वीतभर अंतरावरून गेलं. दुसऱ्यांदा रानडुकराची मादी पिल्लांसह आडवी आली. मी ब्रेक दाबला, गाडी खडीवर घसरली, आणि ती माझ्या पायाला अंग घासत निघून गेली. तिचे राठ केस माझ्या पँटला चिकटले होते. ऑफिसात पँट दाखवली तर एकजण म्हणाला, "घरी कुत्रं पाळलंय वाटतं."

तिसरा प्रसंग उत्तनचा. रविवारी तिथून सुके बोंबील घेऊन येत होतो. पिशवी हँडलला लटकवलेली. दिवस मावळता मावळता तिवरांच्या बाजूने एक कोल्हा निघाला आणि माझ्याबरोबर पळायला लागला. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. पलीकडून दुसरा आला. वासावर आले होते, मला कळलं, पण कळून उपयोग काय? एकाने पिशवीवर तोंड टाकलं तेव्हा माझा तोल गेलाच होता. मी पिशवी सोडून दिली. मागे वळून पाहिलं तर दोघं शांतपणे रस्त्याच्या कडेला जेवत होते.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "बोंबील?"

"कोल्ह्यांनी खाल्ले."

"दुसरं काही सुचलं नाही का सांगायला? विसरलो म्हणा की सरळ!"

माझ्या आयुष्यात एवढं खरं मी क्वचितच बोललो असेन, आणि ते घरातल्या माणसालाही पटलं नाही. हे मुद्दाम सांगतो आहे. कारण पुढे मी शब्दही न बोलता एक खोटं सांगितलं आणि ते अख्ख्या शहराला पटलं.

तो रविवार होता. धाकट्या मुलीसाठी ठाण्याला स्थळ बघायला आम्ही दोघं निघालो होतो. बायको मागे, नवी साडी, एका बाजूला पाय सोडून बसलेली. सकाळचे दहा वाजले असतील. चेण्याच्या अलीकडे नाल्यावर एक मोरी होती आणि तिला लागून रोपांची नर्सरी. तिथे डावीकडच्या गवतातून मुंगूस निघालं आणि रस्ता ओलांडायला लागलं.

आमच्या लहानपणी मुंगूस दिसलं की त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचे. तोंड दिसलं तर काम झालं, नुसती शेपटी दिसली तर घरी परत जा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे विसरायला हवं होतं. पण कामच तसं होतं, मुलीचं. बायकोने माझ्या पाठीत बोट खुपसलं, "अहो, मुंगूस! तोंड बघा, तोंड बघा!"

ते तोवर उजव्या बाजूच्या गवतात शिरलं होतं. मी मान वळवली. ते थांबलं, शेपटी माझ्याकडे. मी आणखी वळलो. रस्ताही मोरीपाशी वळत होता, फक्त डावीकडे. चाक कठड्याला घासलं आणि आम्ही दोघं नाल्यात.

पहिला धावत आला तो नर्सरीचा वॉचमन. रोपांना पाणी घालत होता, पाण्याचा पाइप हातात तसाच होता. पाड्यावरचा वारली माणूस, तिशी-पस्तिशीचा. त्याने आधी बायकोच्या अंगावरची मोटारसायकल एकट्याने उचलली. मग तिचा हात पाहिला. कोपरापासून तो भलत्याच दिशेला वळला होता. त्याने रोपांना आधार द्यायची बांबूची कामटी आणली, स्वतःच्या डोक्याचा पंचा फाडला आणि हात जसा होता तसा बांधून टाकला. नंतर डॉक्टर म्हणाले, ज्याने हे बांधलं त्याने हात वाचवला.

बांधता बांधता तो माझ्याकडे बघून जरासा हसला. "साहेब, मुंगसानं पाडलं तुमाला."

तेवढ्यात वर एक पांढरी गाडी थांबली. त्या महिन्यात त्या भागात बिबट्या दिसल्याची चर्चा होती. गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, "लेपर्ड था क्या?"

मी चिखलात बसलो होतो. बायको कण्हत होती. हिचा भाऊ विचारणार, व्याही होऊ घातलेले विचारणार, ऑफिस विचारणार. काय सांगू? मुंगसाचं तोंड बघत होतो म्हणून? मी मान हलवली.

वॉचमनचं हसू थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, जणू खरंच त्याच्याकडून काही बघायचं राहून गेलं होतं.

सुरुवातीला माझं सगळं खोटं एवढंच होतं, एक मान हलवणं. बाकीचं लोकांनी भरलं. पांढऱ्या गाडीने आम्हाला दवाखान्यात सोडेपर्यंत बिबट्या उजवीकडून आला होता. संध्याकाळपर्यंत त्याने मोटारसायकलच्या मागच्या भागावर पंजा मारला होता. दोन दिवसांनी एका स्थानिक पेपरचा बातमीदार घरी आला, तेव्हा मी त्याला डोळ्यांचा रंगसुद्धा सांगितला. कारकुनी केलेला माणूस मी. एकदा फाइलमध्ये गेलं की तेच खरं, हे मला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

बातमीदार नर्सरीतही गेला. वॉचमनने सांगितलं, "वाघ न्हवता. साहेब मुंगूस बगत व्हते." बातमीत शेवटची ओळ आली: घटनेच्या वेळी वॉचमन दारूच्या नशेत असल्याचे समजते.

समजते! कोणाला समजते? कशावरून समजते? सकाळी दहा वाजता रोपांना पाणी घालणाऱ्या, एकट्याने मोटारसायकल उचलणाऱ्या, तुटलेला हात न हलवता बांधणाऱ्या माणसाबद्दल हे कशावरून समजलं? तो वारली होता, पायात चप्पल नव्हती, आणि इस्त्रीच्या शर्टातला एक साहेब वेगळं सांगत होता, एवढ्यावरून. त्याचा फाडलेला पंचा अजून आमच्या घरी दोरीवर वाळत असताना मी ती ओळ वाचली. पेपर घडी घालून टीपॉयवर ठेवला. पाहुण्यांना दिसावा म्हणून ठेवला, हेही लिहायला हवं.

मग नर्सरीच्या मागे पिंजरा आला. तीन आठवड्यांनी त्यात एक मादी सापडली. तिला गाडीत घालून कुठेतरी नेलं. लोक टपावर चढून फोटो काढत होते म्हणे. पेपरात तिचा फोटो आला, बाजूला माझा. कोणीही विचारलं नाही की हीच ती कशावरून. 'ती' तर मुळात नव्हतीच, आणि हे मला माहीत होतं.

पिंजरा लागण्याच्या सुमारास, एका रविवारी सकाळी, दारावरची बेल वाजली. वॉचमन उभा होता. चेण्याहून बेव्हर्ली पार्कपर्यंत चालत आला होता. हातात कागदात गुंडाळलेली बायकोची चप्पल. नाल्यात राहिलेली, डाव्या पायातली. धुऊन आणली होती.

बायकोने आत बोलावलं. तो सोफ्यावर बसला नाही, दाराजवळ जमिनीवर टेकला. प्लास्टरमधल्या हाताने ती चहा करायला निघाली तर म्हणाला, "नको ताई, हात दुखंल." मग माझ्याकडे वळला.

"साहेब, नर्सरीच्या शेठनं कामावरनं काढलं. शेठ बोलला, वाघ आला आन् तुला दिसला न्हाय, म्हंजे तू पिऊन पडलेला. खोली खाली कर बोलला. बायको-पोरगी हाय."

मी कागदातली चप्पल घेऊन दाराआड ठेवली.

"शेठला येक डाव सांगा. मी पिलेला न्हवतो, येवढंच. मुंगसाचं नका सांगू, लाज वाटत आसंल तर. वाघ व्हता बोला. पन मी पिलेला न्हवतो येवढं सांगा."

माझं खोटं सांभाळून ठेवायची तयारी होती त्याची. त्याला स्वतःपुरतं खरं हवं होतं, फक्त तेवढा तुकडा. आणि मी, ऑफिसात रोज दहा अर्जांवर योग्य शेरा मारणारा मी, म्हणालो, "उद्या जाताना थांबतो."

"थांबाल ना?"

"थांबतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी नर्सरीच्या फाटकाबाहेर एका दगडावर तो बसला होता. बाजूला बायको, लहान मुलगी, दोन बोचकी. मी हेल्मेटची काळी काच खाली घेतली आणि गेलो. मोटारसायकल त्याने स्वतःच्या हाताने उचलली होती. ती ओळखायला त्याला माझा चेहरा कशाला लागतो? तो उठून उभा राहिला, हे आरशात दिसलं. तिसऱ्या दिवशी उठला नाही. नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशीही होते. पाचव्या दिवशी दगड रिकामा होता, आणि मला हायसं वाटलं. हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, हायसं.

का थांबलो नाही, याची कारणं मी स्वतःला वर्षानुवर्षं दिली आहेत. ऑफिसला उशीर होत होता. शेठ ऐकला नसताच. तो प्यायलेला नव्हता म्हटलं, तर मग त्याला बिबट्या का दिसला नाही, हा पुढचा प्रश्न आला असता. सगळी कारणं बरोबर आहेत आणि सगळ्यांची मला किळस येते. ठाण्याचं स्थळ पक्कं झालं होतं. लग्नात व्याही प्रत्येकाला ओळख करून देत होते, "हेच ते, बिबट्याच्या तावडीतून सुटलेले." मी हार घालून उभा होतो.

पुढच्याच वर्षी मला खरा बिबट्या दिसला. पहाटेचा उजेड नुकता येत होता, ऑफिसात लवकर पोचायचं होतं. त्याच मोरीच्या पुढे, रस्त्याच्या कठड्यावर तो बसला होता. वीसेक पावलांवर. माझी गाडी बंद पडली आणि किक मारायची हिंमत होईना. त्याने एक जांभई दिली, सावकाश उठला, कठड्यावरून उतरला आणि पाण्याकडे गेला. बस. मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार, की बिबट्या भेटला आणि त्याने माझं काहीही केलं नाही? माझी प्रसिद्धी तर नेमकी उलट्या गोष्टीवर उभी होती.

आता यंदाचं.

दिवाळीनंतर आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा पार्किंगमध्ये बिबट्या फिरतो आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा आपल्या राज्याच्याही नव्हत्या. पण खाली सेक्रेटरींनी लिहिलं, 'अपने बिल्डिंग में तो खुद एक विक्टिम है.' आठवड्याभरात गच्चीवर मीटिंग. आजूबाजूच्या सोसायट्या मिळून अर्ज करणार होत्या. डोंगराच्या कडेचे बिबटे पकडून दूर न्या. आणि तिथल्या पाड्यांवरच्या कोंबड्या-बकऱ्यांमुळे बिबटे खाली येतात, तर ते पाडे हलवा. पाड्यांची नावंच दिली होती. त्यात चेण्याकडचा वॉचमनचा पाडाही होता.

सेक्रेटरी पेन पुढे करून म्हणाले, "अंकल, पहला साइन आपका. आपका केस तो पेपर में आया था ना, वो कटिंग भी लगाया है."

कात्रण खरंच लावलं होतं. बावीस वर्षांनंतर ती शेवटची ओळ मी पुन्हा वाचली. समजते.

"बाथरूम जाके आता हूँ," म्हणून मी जिना उतरलो. पुन्हा पळालो. घरी येऊन मात्र आवाज चढवला. काय लोक आहेत! डोंगर दिसतो म्हणून फ्लॅट घेतात, मग डोंगरातलं जनावर नको, डोंगरातला माणूस नको! नर्सरीच्या जागी टॉवर होतोय, त्याच्या फलकावर बिबट्याचं चित्र आहे, जंगलाच्या शेजारी राहा म्हणून! आणि हेच...

बायको भाजी निवडत होती. तिचा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही, वर जात नाही. स्वतःची वेणी घालता येत नाही म्हणून तिने तेव्हापासून केस कापलेले आहेत. ती म्हणाली, "ओरडताय कोणावर? गोष्ट कोणी पुरवली त्यांना?"

"तू पण गप्प बसलीस."

"बसले. मला कोणी विचारलंच नाही. त्या बातमीत मी फक्त 'पत्नी जखमी' होते. आणि तोंड बघा तोंड बघा मीच म्हणाले होते, ते का सांगू?" मग भाजी बाजूला सारून म्हणाली, "तो चप्पल धुऊन घेऊन आला होता. तुम्ही जाताय, की मी जाऊ?"

रिक्षाने गेलो. पाडा सापडायला वेळ लागला नाही. सापडणार नाही, असं मी बावीस वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. घराबाहेर तो खाटेवर बसला होता. केस पांढरे, पण खांदे तेच. त्यानेच सुरुवात केली.

"थांबलात म्हनायचं."

मी हात जोडले. त्याने जोडलेल्या हातांकडे पाहिलंच नाही. त्याची मुलगी बाहेर आली, दगडावर बोचक्याशेजारी बसलेली तीच. आता जवळच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तिने प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि दाणकन ठेवली.

"हेच का ते?"

"हेच," तो म्हणाला.

"आई वीटभट्टीवर गेली यांच्यामुळं. सहा वर्षं. मी पण."

मी म्हटलं, चूक झाली. त्यावर तो फार शांतपणे म्हणाला, "चूक मुंगूस बगताना झाली. ती कोनाची पन होती. बाकीची न्हाय." मग म्हणाला, "वाघावर आळ घेतला तुमी, माझ्यावर घेतला. आता या पाड्यावर घेताय. अर्जाचं आमाला कळलंय."

"मी सही केलेली नाही."

"तुमची सही लागत न्हाय. तुमचा कागद हाय त्यांच्याकडं, छापलेला. माझ्याकडं काय हाय? कागद द्या. छापल्यावानी. सरकारी शिक्का पायजे त्याच्यावर."

एवढंच त्याने मागितलं. मी त्याच रात्री कागद तयार केला. तीस वर्षांच्या नोकरीचा हात, झरझर लिहिलं, टाइप करून आणलं. दोन दिवसांनी पाड्यावर नेला. मुलीने मोठ्याने वाचायला घेतला: सदर अपघाताच्या वेळी मानसिक धक्क्यामुळे माझ्याकडून अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली असण्याची शक्यता असून, त्यामुळे संबंधित इसमास झालेल्या गैरसोयीबद्दल...

ती थांबली. "गैरसोय?"

त्याने हात पुढे करून कागद घेतला. त्याला वाचता येत नाही. तरी बराच वेळ पाहिला. "याच्यात समदं तुमचंच हाय," म्हणाला, "माझं काय न्हाय." आणि परत दिला.

रिक्षात बसून मला प्रचंड संताप आला. त्याच्यावर नाही. त्या भाषेवर, जिच्यात मी आयुष्य काढलं आणि जिच्यात आपल्या चुकीची कर्त्याशिवाय वाक्यं करता येतात. माहिती दिली गेली. कोणी दिली? नशेत असल्याचे समजते. कोणाला समजते? त्या बातमीदारात आणि माझ्यात फरक काय राहिला?

दुसरा कागद हाताने लिहिला. चारच वाक्यं. बिबट्या नव्हता, मुंगूस होतं आणि मी मागे वळून त्याचं तोंड बघत होतो. बिबट्या होता हे मी खोटं सांगितलं. नर्सरीचा वॉचमन प्यायलेला नव्हता, त्याने आम्हाला वाचवलं आणि तो पहिल्यापासून खरं बोलत होता. हे मला तेव्हाच माहीत होतं आणि त्याने घरी येऊन विनंती केल्यावरही मी बोललो नाही. खाली सही, नाव, पत्ता. बायकोने साक्षीदार म्हणून वाकड्या हाताने सही केली आणि पुढे स्वतःहून लिहिलं, 'तोंड बघा असे मी म्हटले होते.'

एक प्रत सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावली. तासाभरात सेक्रेटरी घरी.

"अंकल, ये क्या लगाया है? बाईस साल बाद? एप्लिकेशन तो सबमिट हो गया, आपका कटिंग भी गया साथ में."

"मैं भी उसी ऑफिस में ये दे रहा हूँ."

"लेकिन लेपर्ड तो है ना वहाँ? मुद्दा तो वही है ना!"

"है. मैंने देखा है. उसने कुछ नहीं किया." एकवीस वर्षांनी ते पहिल्यांदा कोणाला सांगितलं, आणि मला वेड लागल्यासारखं तो माझ्याकडे बघत राहिला. संध्याकाळी बोर्डावरचा कागद गायब. मी सकाळी दूध आणायला जाताना दुसरा लावला. तोही गेला. आता रोज लावतो. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं आहे की अंकलची तब्येत ठीक नाही, वयामुळे होतं. म्हणजे तो दारुडा आणि मी म्हातारचळ लागलेला. खरं बोलणाऱ्याला काहीतरी झालेलंच असावं लागतं.

ज्या कार्यालयात अर्ज गेला तिथे मी स्वतः गेलो. आवक खिडकीवरच्या बाईंनी कागद वाचला, मान वर करून विचारलं, "मुंगूस?" मी म्हटलं, "मुंगूस." त्यांनी शिक्का मारला. तो कागद अर्जाच्या फाइलला लागेल, मग त्या अर्जाचं काय होईल, मला माहीत नाही. पाडा हलवायचा घाट घातला तर मी पुन्हा जाईन, आणि माझ्या नावाने लावलेलं ते कात्रण खोटं आहे हे जिथे सांगावं लागेल तिथे सांगेन.

शिक्क्याची प्रत घेऊन पाड्यावर गेलो. मुलीने वाचली. त्याने पुन्हा वाचायला सांगितली. 'प्यायलेला नव्हता' पाशी त्याने तिला थांबवलं आणि ती कुठली अक्षरं ते बोट ठेवून दाखवायला लावलं. मग कागद रेशनकार्डाच्या पिशवीत घातला. मला बरं वाटावं असं एक अक्षरही तो बोलला नाही. मीही अपेक्षा केली नव्हती, म्हणजे केली होती, पण ती माझी लबाडी.

निघताना त्याने विचारलं, "साहेब, शेवटी तोंड दिसलं का तुमाला मुंगसाचं?"

"नाही. शेपटीच दिसली."

"मना दिसलं व्हतं," तो म्हणाला. "समोरून आलं ते, माझ्या अंगावरच. चांगलं उभं राहून बगितलं माझ्याकडं."

मुलगी फसकन हसली. तो हसला नाही. त्याने पिशवी उचलली आणि आत गेला.